बंद घरातले घड्याळ आणि थरारपटाची पहिली दोन मिनिटे

पत्र : आम्ही चौघे चित्रपटनिर्मितीच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. थरारपटाची सुरुवातीची दोन मिनिटे, श्रेयनामावलीसह, तीन आठवड्यांत करून द्यायची आहेत. आमच्या कल्पनेत रात्रीचे जंगल आहे, जीव मुठीत घेऊन पळणारी मुलगी आहे, मुखवटा घातलेला माणूस आहे. मध्येच एका जुन्या खुनाची आठवण येते, मुलगी दचकून जागी होते आणि फोन वाजतो. एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि मोबाईल एवढेच साहित्य हाताशी आहे. चाचणी म्हणून थोडे चित्रीकरण केले, तर चित्र काळेकुट्ट आणि दाणेदार आले, संवाद ऐकू येईनात आणि वर्गात दाखवल्यावर मुले हसली. आता आमच्यातल्या दोघांना पाठलाग सोडायचा नाही आणि दोघांना सगळेच बदलायचे आहे. (जागा शोधताना एक रिकामे घर पाहिले होते. पहिल्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ बंद होते आणि दुसऱ्या दिवशी कुलूप उघडून आत गेलो तर ते चालू होते. राखणदाराने सेल घातला होता हे नंतर कळले, पण तोवर आम्ही चौघेही दारातच थबकलो होतो.) सुरुवात कुठून करावी आणि भीती वाटेल असे नेमके काय करावे?

उत्तर :

प्रिय विद्यार्थी मित्रांनो,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा कंसातल्या मजकुरापाशी थांबले. तुम्ही तो जाता जाता, जवळजवळ संकोचाने लिहिला आहे. पण सगळ्या पत्रात माझ्या अंगावर काटा आला तो तिथेच. कुलूप तुम्ही स्वतःच्या हाताने उघडले, आत कोणी नाही, आणि काल थांबलेले घड्याळ आज टिकटिक करते आहे. जंगल, मुखवटा आणि खून यांतले काहीही तुमच्यापैकी कोणी अनुभवलेले नाही. त्या दारात मात्र तुम्ही चौघेही उभे होता, आणि पाय का उचलला नाही हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. माझा सल्ला सरळ आहे : जंगल सोडा आणि त्या घरात परत जा.

मुले का हसली, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण ते समजल्याशिवाय तुम्ही नव्या कल्पनेतही तीच चूक कराल. ती अभिनयाला हसली नाहीत आणि काळ्या चित्रालाही हसली नाहीत. धावणारी मुलगी, मागे मुखवटा, अडखळून पडणे, मागे वळून पाहणे, या खुणा प्रेक्षकाने इतक्या वेळा पाहिलेल्या असतात की तो त्या पाहत नाही, ओळखतो. आणि भीती वाटण्याआधी ओळख पटली की माणसाला हसू येते. शिवाय ही मुलगी कोण, ती कुठून निघाली, तिला कुठे पोहोचायचे आहे, यातले काहीच त्याला माहीत नसताना तिच्या जिवाची काळजी त्याने कशाच्या बळावर करावी? दोन मिनिटांत तुम्ही पाठलाग, आठवण, स्वप्न आणि फोन अशा चार सुरुवाती एकापाठोपाठ ठेवल्या आहेत आणि प्रत्येक सुरुवात आधीची पुसून टाकते. त्यात स्वप्नाचा मार्ग सर्वांत महागात पडतो, कारण मुलगी जागी झाली की मागच्या दीड मिनिटात जे घडले ते घडलेच नव्हते असे तुम्ही स्वतःच प्रेक्षकाला सांगता, आणि पुढच्या दृश्यावर त्याने विश्वास का ठेवावा याचे उत्तर तुमच्यापाशी उरत नाही.

थरारपटाच्या सुरुवातीचे काम एवढेच असते की तिने प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न रुजवावा. भीती वाटली पाहिजे, हे भयपटाचे मागणे आहे. थरारपटाला प्रेक्षकाची ‘पुढे काय’ ही तगमग हवी असते. तगमग निर्माण होते ती माहितीच्या वाटपातून, म्हणजे प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि पात्राला काय ठाऊक आहे यांतल्या अंतरातून. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ मध्ये दिलेल्या दीर्घ मुलाखतीत याचे जे उदाहरण दिले, ते पुढे जगभर शिकवले गेले. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच माहीत नसताना तो फुटला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. तो तिथे आहे आणि ठरावीक वेळी फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर टेबलाभोवतीच्या निरर्थक गप्पाही त्याला १५ मिनिटे श्वास रोखून धरायला लावतात. तुम्हाला बॉम्बची गरज नाही, पण तोच हिशेब घड्याळाला लावून पाहा.

प्रेक्षकाने घड्याळ आधी थांबलेले पाहिले नसेल, तर ते चालू असल्याचे त्याला काहीच वाटणार नाही. म्हणून तुमच्या दोन मिनिटांत त्या घरात दोन फेऱ्या हव्यात. पहिल्या फेरीत मुलगी एकटी येते, कुलूप उघडते, खणातले काही कागद काढून घेते. फोनवर कोणाशी तरी बोलताना ती एकच वाक्य बोलते : ‘किल्ली माझ्याकडेच आहे, दुसरी नाहीच.’ सगळ्या चित्रपटात एवढा एकच संवाद ठेवा, आणि तो ती कागद चाळता चाळता, लक्ष दुसरीकडे असल्यासारखा बोलू दे. मग ती वेळ पाहण्यासाठी सवयीने भिंतीकडे बघते, घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेले असते, म्हणून ती मनगटावरच्या घड्याळात पाहते आणि निघते. या एका हालचालीत काम झाले. घड्याळ बंद आहे हे प्रेक्षकाला कळले, आणि ते आपल्याला मुद्दाम सांगितले गेले असे त्याला जाणवलेही नाही. इथे घड्याळाचा मोठा क्लोजअप घेण्याचा मोह होईल. तो आवरा, क्लोजअप घेतला की प्रेक्षक सावध होतो आणि पुढचे सगळे त्याला आधीच दिसू लागते.

दुसऱ्या फेरीत कपडे वेगळे, उजेड वेगळा. किल्ली फिरते, दार उघडते, आत शांतता. ती पिशवी खाली ठेवते. टिक. टिक. तिला अजून ऐकू आलेले नाही, आपल्याला आले आहे. हे जे काही क्षण प्रेक्षक तिच्या पुढे असतो, तोच तुमचा थरार आहे. बाकी सगळी त्याची तयारी आणि त्याचा परिणाम. मग तिचा हात जागच्या जागी थांबतो, ती हळूच मान वर करते. आता घड्याळाचा क्लोजअप, पहिला आणि एकमेव. त्यावर सहाला वीस कमी. ती मनगटाकडे पाहते : सहाला वीस कमी. घड्याळ नुसते चालू झालेले नाही, कोणीतरी ते बरोबर वेळेला लावले आहे. सेल सैल होता, धक्क्याने चालू झाला असेल, असा जो एक दिलासा प्रेक्षक मनात शोधत असतो, तोही तुम्ही काढून घेतलात.

मधल्या काळात एक अनोळखी हात सेल घालताना दाखवावा का, असा विचार तुमच्यातल्या कोणाच्या तरी मनात येईलच. ते चुकीचे नाही. तसे केले तर प्रेक्षकाला मुलीपेक्षा पुष्कळ आधी कळते आणि दुसरी फेरी सुरू होतानाच तो अस्वस्थ होतो. पण त्या हातामुळे ‘आत कोणी आले होते का’ हा प्रश्न सुटतो आणि फक्त ‘कोण’ हा उरतो. मला पहिला प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, म्हणून मी हात दाखवणार नाही. तुम्ही दाखवायचे ठरवलेत, तर किमान त्या हाताला हातमोजा घालू नका. हातमोजा घातला की तो लगेच ‘खुनी’ होतो आणि आपण पुन्हा जंगलात जाऊन पोहोचतो.

आता ज्या दोघांना पाठलाग हवा आहे त्यांच्याविषयी. त्यांना बहुधा गती हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. दोन मिनिटे नुसतीच संथ गेली तर थरारपट कंटाळवाणा होतो. पण गती धावण्यातून जशी येते, तशी शॉट किती वेळ टिकतो यातूनही येते. पहिल्या फेरीत चार-पाच सेकंदांचे निवांत शॉट ठेवा, दुसऱ्या फेरीत टिकटिक तिच्या कानावर पडेपर्यंत ते आणखी लांबवा, आणि तिने मान वर केल्यापासून दोन-दोन सेकंदांवर आणा. साधारण २५ ते ३० शॉटमध्ये तुमची दोन मिनिटे भरतील. शब्दांनी वाद मिटत नसेल, तर दोन्ही कल्पनांचे कच्चे रूप करून पाहा. त्यासाठी कॅमेराही बाहेर काढावा लागत नाही.

ते कसे करायचे, यावर थोडे थांबते, कारण विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत सर्वाधिक नुकसान याच टप्प्याला बगल दिल्याने होते असे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. आधी दृश्य एका पानावर लिहा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट असा एक ढोबळ हिशेब आहे; संवाद नसलेल्या दृश्याला तो तंतोतंत लागू होत नाही, पण तुमचे लिखाण तीन पानांवर गेले तर काहीतरी जास्त झाले आहे एवढे नक्की. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचे चौकटीतले चित्र, काढा. चित्रकला येत नसेल तर काड्यांची माणसे चालतील, मात्र प्रत्येक चौकटीखाली तीन गोष्टी लिहा : शॉट किती सेकंदांचा, त्यात ऐकू काय येते, आणि तो संपला की प्रेक्षकाला आधीपेक्षा नवे काय कळले. तिसऱ्या रकान्यात लिहायला काही सुचले नाही, तर तो शॉट काढून टाका.

यानंतर त्याच घरात जाऊन मोबाईलवर प्रत्येक चौकटीचे स्थिर छायाचित्र घ्या, ती छायाचित्रे ठरवलेल्या सेकंदांनुसार संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि खाली टिकटिकीचा आवाज घाला. हा झाला तुमचा कच्चा आराखडा. तो कथा अजिबात माहीत नसलेल्या तीन-चार जणांना दाखवा आणि ‘आवडले का’ असे विचारू नका. ‘आता तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे’ असे विचारा. सगळे एकच प्रश्न विचारू लागले तर तुमची मांडणी बसली. ‘ती कोण आहे’ असे एकाने, ‘ते कागद कसले’ असे दुसऱ्याने आणि ‘घड्याळाचे काय’ असे तिसऱ्याने विचारले, तर कागदांवर जास्त वेळ गेला आहे आणि घड्याळावर कमी. मुलीला टिकटिक ऐकू येण्याआधी प्रेक्षकाला ती किती वेळ ऐकवायची, हेही इथेच ठरते. चार सेकंद, सहा सेकंद, आठ सेकंद अशी तीन रूपे करून पाहा. माझा अंदाज सहाच्या आसपासचा आहे, पण तो पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ठरवा, माझ्या शब्दावरून नको.

घड्याळासोबत चित्रीकरण करताना एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगून ठेवते. खरे घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. एका शॉटचे पाच टेक झाले की काटे दहा मिनिटे पुढे गेलेले असतात, आणि संकलनात सहाला वीस कमीनंतर सहाला दहा कमी आणि मग पुन्हा सहाला वीस कमी अशा उड्या दिसू लागतात. शिवाय टिकटिक प्रत्येक टेकच्या आवाजात मिसळलेली असते, त्यामुळे दोन शॉट जोडले की तिची लय तुटते. कुठे दोन टोले लागोपाठ येतात, कुठे एक गळून पडतो. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी घड्याळातला सेल काढून ठेवा, काटे हव्या त्या वेळेवर लावा आणि सगळे शॉट बंद घड्याळावरच घ्या. फक्त त्या एकमेव क्लोजअपसाठी सेल घाला, कारण तिथे सेकंदकाटा हललेला दिसायला हवा. टिकटिक नंतर, एकसलग, आवाजाच्या स्वतंत्र पट्टीवर घाला. मुलीच्या मनगटावरचे घड्याळही तसेच लावून ठेवायचे आहे, हे विसरू नका. कंटिन्युइटी, म्हणजे शॉटाशॉटांतला मेळ, पाहणाऱ्याच्या वहीत ‘भिंत’ आणि ‘मनगट’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून हवेत.

टिकटिक कशी ध्वनिमुद्रित करायची? आधी घड्याळ टिकटिक करणारे आहे ना ते पाहा, कारण काही घड्याळांचा सेकंदकाटा न थांबता, बिनआवाज सरकतो. मग ते कपड्यांनी भरलेल्या कपाटात ठेवा, मोबाईल त्याच्या अगदी जवळ धरा आणि सलग दोन मिनिटे मुद्रण करा; भोवतालचे कपडे खोलीचा घुमारा आणि बाहेरचा आवाज शोषून घेतात. सेलवर चालणारे साधे घड्याळ सेकंदाला एक टोला देते, आणि तुम्ही सेकंदाला २५ फ्रेम या गतीने चित्रीकरण केले असेल तर प्रत्येक २५ फ्रेमला एक टोला पडतो. संकलन करताना नेमके टोल्यावर कापले की दृश्य यंत्रासारखे, आखीव वाटते. दोन टोल्यांच्या मधोमध कापले की पाहणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटते. पहिल्या फेरीत टोलाच नाही, म्हणून तिथे तुम्ही मोकळे आहात. दुसऱ्या फेरीत मी मधोमध कापेन आणि फक्त क्लोजअपवरचा कट टोल्यावर ठेवेन.

बाकी आवाजाबद्दल थोडक्यात. तुमचे संवाद ऐकू आले नाहीत, कारण कॅमेऱ्यातला मायक्रोफोन माणसापासून दूर होता आणि त्याला मधल्या सगळ्या खोलीचा आवाज आधी ऐकू येत होता. दुसरा मोबाईल मुलीच्या जवळ, फ्रेमच्या बाहेर ठेवा आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही मुद्रणे नंतर जुळवता येतील. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी हालचाल थांबवून निदान अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करा. शांततेलाही आवाज असतो, आणि ती शांतता शॉटच्या खाली सलग घातली नाही तर प्रत्येक कटवर आवाजाला भोक पडल्यासारखे वाटते. किल्ली, कडी, खण, पावले हे आवाज स्वतंत्रपणे, जवळून घ्या. पार्श्वसंगीत मात्र टिकटिकीच्या वेळी अजिबात नको. त्याआधी हवे असेल तर एखादा खालचा, लांब सूर स्वतः वाजवून वापरा. दुसऱ्याचे संगीत परवानगीशिवाय घेतले, तर तुमचे काम पुढे कुठे दाखवण्याची वेळ आली की तेच आडवे येईल.

चित्र काळे आणि दाणेदार का आले? अंधार दाखवायचा म्हणून तुम्ही अंधारातच चित्रीकरण केले असणार. उजेड अपुरा असला की कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची आपली संवेदनशीलता, वाढवतो आणि दाणे येतात. नंतर संकलनात चित्र उजळले की ते आणखी ठळक होतात. पडद्यावरचा अंधार हा पुरेशा उजेडात, सावल्यांची जागा ठरवून करायचा असतो. एका बाजूने एकच खिडकी उघडी ठेवा, बाकीच्या झाका, मुलीचा चेहरा त्या खिडकीकडून अर्धाच उजळू दे आणि तिच्या मागची भिंत अंधारात राहू दे. फ्रेममध्ये कुठेतरी एक उजळ जागा असली म्हणजे बाकीचे डोळ्याला अंधारे वाटते. सगळेच काळे असेल तर प्रेक्षकाला अंधार दिसत नाही, फक्त काही दिसत नाही एवढेच कळते. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, एक पन्नासांश सेकंदावर ठेवा. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथे या शटरमुळे दिव्यांची फडफडही टळते, आणि जिथे ती ६० हर्ट्झ असते तिथे ३० फ्रेम आणि एक साठांश सेकंद घ्यावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार कॅमेऱ्याने रंग जुळवून घेणे, आपोआप बदलू देऊ नका. खिडकीचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) निळसर आणि पिवळ्या दिव्याचा ३२०० केल्विनच्या आसपासचा असतो, त्यामुळे स्वयंचलित ठेवलात तर मुलगी खिडकीकडून दिव्याकडे चालत जाता जाता तिच्या कातडीचा रंग पालटेल.

या दोन उजेडांचा तुम्हाला फायदाही घेता येईल. पहिली फेरी सकाळच्या खिडकीच्या उजेडात आणि दुसरी संध्याकाळी, खिडकीतला निळा उजेड मावळत असताना आणि घरातला एकच पिवळा दिवा लावून करा. कॅमेरा मात्र दोन्ही वेळा अगदी त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच लेन्सने उभा हवा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. तीच फ्रेम दुसऱ्यांदा दिसली की प्रेक्षक न सांगता तुलना करू लागतो : काय बदलले आहे? घड्याळ या फ्रेमच्या कोपऱ्यात, किंचित धूसर असावे; नजर तिथे जाते, पण खात्री पटत नाही. हातात कॅमेरा धरून हलते चित्रण करण्याची इच्छा असेल तर ती शेवटच्या काही सेकंदांसाठी राखून ठेवा, कारण आधीचे सगळे स्थिर असेल तरच ते हलणे जाणवेल.

मुलगी घड्याळाकडे पाहते आणि मग आपण घड्याळ पाहतो, या जोडणीत तिला चेहऱ्यावर फार काही करायला सांगू नका. रिकामा चेहरा आणि त्यापुढे आलेली वस्तू यांतून भाव प्रेक्षक स्वतः तयार करतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. डोळे विस्फारणे, तोंडावर हात नेणे यांतले काही नको. हात थांबणे आणि श्वास अडकणे पुरे. तिची नजर पडद्याच्या उजवीकडे वर जात असेल, तर पुढच्या सगळ्या शॉटमध्ये घड्याळाची दिशा तीच राहिली पाहिजे. कॅमेरा मुलगी आणि घड्याळ यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवलात तर हे आपोआप सांभाळले जाईल.

श्रेयनामावली तुम्ही शेवटी, उरलेल्या जागेत घालायचा विचार करत असाल तर तो बदला. ती स्टोरीबोर्डमध्येच आखा. नावांना वाचायला वेळ लागतो आणि वाचणारा डोळा त्या वेळी चित्र पाहत नसतो. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची सुरुवात तीन मिनिटांहून लांब अशा एका सलग शॉटने होते, गाडीत कोणीतरी बॉम्ब ठेवतो आणि कॅमेरा गर्दीतून तिच्यासोबत सरकत राहतो. स्टुडिओने प्रदर्शनाच्या वेळी त्या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत घातले. वेल्स यांनी मागे ठेवलेल्या दीर्घ टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये नवे संकलन केले, तेव्हा नावे काढली आणि रस्त्यावरून व गाडीच्या रेडिओतून येणारे आवाज तिथे आणले. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ पाहा. पहिल्या आवृत्तीत नावे वाचताना गाडी नजरेतून निसटते; दुसरीत ती तुम्ही क्षणभरही सोडत नाही.

तुमच्याकडे दोन मिनिटांतच नावे बसवण्याची अट आहे, म्हणून ती सगळी पहिल्या फेरीत संपवा. कुलूप, जिना, बंद खिडकी, रिकामी भिंत अशा शॉटमध्ये फ्रेमची एक बाजू मोकळी सोडा आणि नाव तिथे ठेवा. मात्र फोनवरचे वाक्य आणि भिंतीकडे पाहण्याची हालचाल यांवर नाव येता कामा नये. अक्षरे लहान, स्वच्छ, सगळीकडे एकाच वळणाची असावीत. रक्त ओघळणारी अक्षरे चित्रपटाविषयी काही सांगत नाहीत. नाव मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ ते पडद्यावर राहू द्या. पहिला टोला पडल्यापासून एकही अक्षर नको. चित्रपटाचे शीर्षक अगदी शेवटी.

तो शेवट कोणता, हा तुमच्या प्रश्नातला उरलेला भाग. वेळ जुळल्याचे पाहिल्यावर मुलगी ओरडत नाही, पळत नाही. ती आतल्या खोलीच्या दाराशी जाते, कारण घरात कोणी आहे का हे पाहायलाच हवे. खोली रिकामी आहे. ती सुस्कारा सोडते, आणि तिच्या पाठीमागे, बाहेरच्या खोलीत, टिकटिक थांबते. चित्र तिच्या चेहऱ्यावरच राहू द्या, घड्याळ पुन्हा दाखवू नका. दोन सेकंद पूर्ण शांतता, मग काळा पडदा आणि शीर्षक. ‘कोणी आले होते का’ हा प्रश्न इथे ‘तो अजून इथेच आहे’ असा होतो, आणि त्यासाठी तुम्हाला मुखवटाही लागला नाही आणि माणूसही. प्रश्नाचे उत्तर तुमच्यापाशी तयार असू द्या, एका परिच्छेदात लिहूनही ठेवा, कारण परीक्षक ते विचारतील आणि उत्तर माहीत असलेला दिग्दर्शक शॉट वेगळ्या खात्रीने लावतो. पण या दोन मिनिटांत ते देऊ नका.

तीन आठवड्यांची विभागणी सोपी आहे. पहिला आठवडा लेखन, स्टोरीबोर्ड आणि कच्चा आराखडा यांत घालवा. दुसऱ्यात एक सकाळ आणि एक संध्याकाळ चित्रीकरण करा, आणि राहिलेले शॉट घेण्यासाठी आणखी एक दिवस मोकळा ठेवा, तो लागतोच. तिसरा आठवडा संकलन आणि ध्वनी यांना द्या, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ ध्वनीला. चौघांनी कामे वाटून घ्या : एक जण दिग्दर्शन करेल, एक कॅमेरा, एक ध्वनी आणि कंटिन्युइटी, आणि चौथी पडद्यावर. चित्रीकरण चालू असताना निर्णय एकाचाच असावा. मतभेद आराखड्याच्या टेबलावर कितीही होऊ देत.

घराच्या मालकाची परवानगी लेखी घ्या, त्यात तारखा आणि वेळा लिहा, आणि संध्याकाळच्या चित्रीकरणाची कल्पना शेजाऱ्यांना देऊन ठेवा. बंद घरात दिवा दिसला आणि आत अनोळखी माणसे हिंडताना दिसली तर कोणीही घाबरेल. राखणदाराला सगळी गोष्ट आधी सांगा, नाहीतर तो तुमच्या दोन टेकच्या मध्ये घड्याळ पुन्हा बरोबर लावून ठेवेल. आणि काम संपल्यावर सेल घालून, वेळ जुळवून, ते चालू करून मगच कुलूप लावा.

तुमची,
सल्लागार